२५ जूनचा दिनविशेष: फळ्यावर लिहिण्याआधी

२५ जूनच्या दिनविशेषात दोन ओळी ठरलेल्या असतात: १९७५ ची आणीबाणी आणि १९८३ चा विश्वचषक. उरलेली जागा जिथून मिळेल तिथून भरली जाते आणि चुका शिरतात त्या बहुतेक तिथेच. त्या दोन ओळीही काही धुतल्या तांदळाच्या नसतात, पण इतक्या वेळा वाचलेल्या असतात की कोणाला काही खटकत नाही. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, परिपाठाची वही कोरी असते आणि दिनविशेषाचं काम ज्याच्या गळ्यात पडतं तो आदल्या रात्री मोबाइलवर फिरत आलेली यादी उतरवून मोकळा होतो. ती यादी दुसऱ्या यादीवरून आलेली, दुसरी तिसरीवरून. दहा ठिकाणी एकच तारीख सापडली म्हणजे दहा पुरावे मिळाले असं होत नाही, कारण दहाही ठिकाणी नक्कल एकाच मजकुराची असू शकते.

या तारखेला पडताळणीची एक सोय मात्र आहे. साध्या वर्षात १ जानेवारीला जो वार, तोच २५ जूनला येतो, कारण मधले १७५ दिवस म्हणजे बरोबर २५ आठवडे. लीप वर्ष असेल तर एक वार पुढे सरकायचं. १९७५ चा १ जानेवारी बुधवारी, म्हणून आणीबाणीची रात्र बुधवारची. १९५० चा रविवारी, आणि कोरियातलं युद्ध सुरू झालं ते रविवारी पहाटेच. १९३२ लीप वर्ष, १ जानेवारीला शुक्रवार, तेव्हा २५ जूनला शनिवार. वार जुळला म्हणून तारीख खरी ठरत नाही. पण जुन्या बातमीत ‘काल सोमवारी’ असं असेल आणि हिशेबाने बुधवार निघत असेल, तर वर्ष किंवा तारीख यांपैकी एक नक्की चुकलेलं आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, तेवढं करावंच.

आता आणीबाणी. ‘२५ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींनी आणीबाणी जाहीर केली’ हे वाक्य सगळीकडे असतं आणि त्यात दोन गोष्टी ढिल्या आहेत. एक म्हणजे घोषणापत्रावर सही राष्ट्रपतींची असते. फखरुद्दीन अली अहमद यांनी ती २५ तारखेला रात्री बाराला थोडा अवकाश असताना केली. दुसरं म्हणजे देशाला हे कळलं २६ तारखेला. मंत्रिमंडळाची बैठक २६ च्या सकाळी सहा वाजता झाली आणि झालेल्या गोष्टीला तिथे मंजुरी घेतली गेली. त्यानंतर आकाशवाणीवरून पंतप्रधानांचं भाषण झालं. घोषणापत्रावर तारीख २५ जून, पण राजपत्रात प्रसिद्धी २६ जूनची. जयप्रकाश नारायण यांची अटकही २६ च्या पहाटेची, दिल्लीत गांधी शांती प्रतिष्ठानमध्ये. त्याआधी २५ च्या संध्याकाळी रामलीला मैदानावर त्यांची सभा झाली होती. म्हणजे सभा आणि सही हे २५ चं, बहादूरशहा जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडणं त्या रात्रीचं. अटक, मंत्रिमंडळ आणि भाषण हे २६ चं. एका ओळीत सगळं कोंबायचं तर ‘२५ जूनच्या मध्यरात्रीपूर्वी राष्ट्रपतींची सही, २६ ला सकाळी घोषणा’ एवढं पुरे.

हा काही तासांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. राज्यघटनेने मात्र त्याची दखल घेतली आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३५२ मध्ये अशी तरतूद आली की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना अशी घोषणा करता येणार नाही. आधी सही आणि मग मंजुरी, हा १९७५ चा क्रम पुन्हा घडू नये म्हणून. त्याच दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं. नववी-दहावीच्या मुलांना ‘आणीबाणी लागू झाली’ या तीन शब्दांपेक्षा हे जास्त लक्षात राहील.

‘भारतातली पहिली आणीबाणी’ असंही बरेचदा लिहिलेलं दिसतं. ते चूक आहे. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं तेव्हा एक लागू झाली होती. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्धाच्या वेळी दुसरी झाली आणि ती १९७५ मध्ये उठलेलीच नव्हती. २५ जूनची तिसरी; परकीय आक्रमणाच्या नव्हे तर अंतर्गत अशांततेच्या कारणाखाली आलेली पहिली. ती २१ मार्च १९७७ ला मागे घेतली गेली, म्हणजे जवळपास २१ महिने. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून अधिसूचित केला. तो २०२४ चा निर्णय म्हणून त्या वर्षापुढेच लिहावा, १९७५ च्या ओळीत मिसळू नये. शाळेला परिपत्रक आलं असेल तर ते पाळायचंच, पण फळ्यावर आधी काय घडलं ते लिहावं. ते पुरेसं बोलकं आहे.

आता लॉर्ड्स. लोक १९८३ लिहितात आणि १९३२ विसरतात. खरं तर या तारखेची सगळ्यात देखणी जोडी हीच आहे: तेच मैदान, तीच तारीख, वारही शनिवारच, मध्ये ५१ वर्षं. २५ जून १९३२ ला भारताचा पहिला कसोटी सामना इथे सुरू झाला. कर्णधार सी. के. नायडू, जन्म नागपूरचा. इंग्लंडची सलामीची जोडी हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स. याच दोघांनी दहाच दिवसांपूर्वी यॉर्कशायरकडून एसेक्सविरुद्ध ५५५ धावांची सलामी दिली होती. मोहम्मद निसारने दोघांचेही त्रिफळे उडवले, वूली धावचीत झाला आणि इंग्लंड ३ बाद १९. आणीबाणीच्या ओळीसाठी खडू घासून झाला असला तरी ‘३ बाद १९’ साठी जागा ठेवाच.

पुढे इंग्लंडचा कर्णधार जार्डिनने ७९ आणि नाबाद ८५ काढून इंग्लंडला सावरलं. इंग्लंड २५९ आणि ८ बाद २७५ (डाव घोषित), भारत १८९ आणि १८७. आपण १५८ धावांनी हरलो. निसारचे ९३ धावांत ५ बळी, दुसऱ्या डावात अमरसिंगच्या ५१, कसोटीतलं भारताचं पहिलं अर्धशतक. भारताकडून कसोटीतला पहिला चेंडू खेळला तो जनार्दन नवले यांनी. ते पुण्याजवळच्या फुलगावचे, आणि यष्टिरक्षकही तेच. मराठी शाळेच्या फळ्यावर हे नाव यायला हवं, पण क्वचितच येतं. इथे तपासायची गोष्ट अशी की सामना तीन दिवसांचा होता, पण २५, २७ आणि २८ जूनला झाला; २६ ला रविवार म्हणून सुट्टी. ‘२५ जूनला भारत पहिला कसोटी सामना हरला’ लिहिलंत तर चुकलं. हरला तो २८ ला. २५ ला सुरू झाला.

१९८३ चं तपशील सगळ्यांना पाठ आहेत असं सगळ्यांना वाटतं. भारत ५४.४ षटकांत सर्वबाद १८३. ५४.४ हा आकडा बघून हल्लीची मुलं बुचकळ्यात पडतात. तेव्हा एकदिवसीय विश्वचषकाचा डाव ६० षटकांचा असे, कपडे पांढरे आणि चेंडू लाल. सर्वाधिक धावा श्रीकांतच्या, ३८. संदीप पाटील २७, मोहिंदर अमरनाथ २६. वेस्ट इंडिजकडून रिचर्ड्स २८ चेंडूंत ३३ वर असताना मदनलालच्या चेंडूवर उंच फटका मारायला गेला आणि कपिल देवने पाठमोरं धावत तो झेल घेतला. १ बाद ५० वरून ६ बाद ७६, आणि शेवटी ५२ षटकांत सर्वबाद १४०. भारत ४३ धावांनी विजयी. अमरनाथ १२ धावांत ३ बळी घेऊन सामनावीर. शेवटचा बळी होल्डिंगचा, पायचीत, तोही अमरनाथनेच घेतलेला. बलविंदर संधूच्या ज्या चेंडूला ग्रीनिजने बॅट वर उचलली आणि त्रिफळा उडाला, तो चेंडू मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवण्यासारखा आहे.

नेहमीची गल्लत कपिलच्या नाबाद १७५ ची. ती खेळी १८ जूनची, टनब्रिज वेल्सला, झिम्बाब्वेविरुद्ध. अंतिम सामन्यात कपिलच्या धावा १५. दुसरी गल्लत वेंगसरकरची: तो संघात होता, अंतिम सामन्यात खेळला नाही. घड्याळाचा मुद्दा इथेही येतोच. लंडनमध्ये उन्हाळी वेळ, आपण साडेचार तास पुढे. तिथे संध्याकाळी सामना संपला तेव्हा इथे मध्यरात्र होत आली होती. तारीख मात्र निर्विवाद २५, कारण खेळाची तारीख मैदानावरची धरायची असते.

हा नियम सगळीकडे लावला की बराच गोंधळ मिटतो: घटना जिथे घडली तिथलं घड्याळ. मायकल जॅक्सनला लॉस एंजेलिसमध्ये २५ जून २००९ ला दुपारी २ वाजून २६ मिनिटांनी मृत घोषित केलं. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची पहाट होती, २ वाजून ५६ मिनिटं. ज्यांनी ती बातमी इथे सकाळी उठून पाहिली त्यांच्या आठवणीत ती शुक्रवारची आहे आणि ते हटून २६ सांगतात. त्यांची आठवण बरोबर, पण नोंद २५ लाच. (अंधेरीच्या क्रीडा संकुलातला त्याचा कार्यक्रम १ नोव्हेंबर १९९६ चा. तो नोव्हेंबरच्या वहीसाठी राखून ठेवा.) त्याच दिवशी सकाळी अभिनेत्री फॅरा फॉसेटही गेली आणि दुपारनंतर तिची बातमी कोपऱ्यात गेली.

कोरियाच्या बाबतीत उलटं होतं. उत्तर कोरियाच्या फौजा दोन कोरियांमधली सीमा असलेल्या ३८ व्या अक्षांशावरून खाली आल्या त्या २५ जून १९५० च्या पहाटे. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा २४ ची दुपार होती. त्यामुळे अमेरिकी आठवणींत राष्ट्राध्यक्ष ट्रूमनना ‘२४ जूनच्या रात्री’ कळल्याचं वाचायला मिळतं आणि दोन पुस्तकांत दोन तारखा दिसतात. चूक कोणाचीच नाही. सुरक्षा परिषदेचा पहिला ठराव न्यूयॉर्कमध्ये झाला तोही २५ लाच. सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कारामुळे गैरहजर होता, म्हणून नकाराधिकार वापरला गेला नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदींत तारखेपेक्षा गावाची नावं जास्त फसवतात. जॉर्ज ऑरवेल, मूळ नाव एरिक आर्थर ब्लेअर, जन्म २५ जून १९०३, मोतीहारी. वडील सरकारच्या अफू खात्यात होते. ‘बिहारमधील मोतीहारी’ हे आजच्या नकाशाप्रमाणे ठीक, पण १९०३ मध्ये बिहार हा वेगळा प्रांत नव्हता. तो १९१२ मध्ये झाला. तेव्हाचा भाग बंगाल इलाख्यातला. शाळेत ‘आजच्या बिहारमधील’ असं लिहावं, वाद संपतो. सत्तेच्या पाळतीवर कादंबरी लिहिणारा माणूस आणि आणीबाणी एकाच तारखेला येतात, हे मुलांच्या आपोआप लक्षात येतं. फळ्यावर बाण काढून दाखवायची गरज नाही. विश्वनाथ प्रताप सिंह यांचा जन्म २५ जून १९३१, अलाहाबाद. आज प्रयागराज, पण ते नाव २०१८ नंतरचं. त्यांचं निधन २७ नोव्हेंबर २००८ ला झालं, मुंबईवरचा हल्ला चालू असताना, आणि माजी पंतप्रधान गेल्याची बातमी त्यात बुडाली. म्हणून त्यांचा स्मृतिदिन यादीतून नेहमी गळतो. निदान जयंती तरी लिहा.

पुण्याच्या शाळांसाठी एक नोंद जवळची आहे. २५ जून १९३४ ला, हरिजन यात्रेत असलेले गांधीजी पुण्यात भाषणासाठी येत असताना एका मोटारीवर बॉम्ब टाकला गेला. गांधीजी त्या मोटारीत नव्हते, त्यांची मोटार मागून आली. काही जण जखमी झाले. बॉम्ब टाकणारा कोण हे सिद्ध झालं नाही. ही नोंद लिहिताना ‘पुणे महानगरपालिका’ असा शब्द घातलेला दिसला तर खोडा, कारण महानगरपालिका झाली १९५० मध्ये, तेव्हा नगरपालिका होती. इतक्या बारीक शब्दावरून कळतं की लिहिणाऱ्याने मूळ मजकूर पाहिला आहे की नाही.

गोव्यातल्या शाळांनी मोझांबिक घ्यावं. आपल्याकडे आणीबाणी लागली त्याच तारखेला, २५ जून १९७५ ला, पोर्तुगिजांच्या जवळपास पाच शतकांच्या राजवटीतून तो देश स्वतंत्र झाला. राजधानीचं नाव तेव्हा लॉरेन्सो मार्किश, मापुतो नंतरचं. गोव्यात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार होते. ऑक्टोबर १९८६ मध्ये ज्या विमान अपघातात माशेल गेले, त्यातच तेही गेले. स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी १९९१ मध्ये युगोस्लाव्हियातून बाहेर पडल्याची घोषणा केली तीही २५ जूनलाच. पण ‘क्रोएशियाचा राज्यत्व दिन’ म्हणून २५ जून आता लिहू नका. २०२० पासून तो ३० मे ला गेला आहे. स्लोव्हेनियाचा अजून २५ जूनच. राष्ट्रीय दिवस बदलतात, जुन्या याद्या बदलत नाहीत.

गाणी-सिनेमाच्या नोंदींत विचारायचा प्रश्न एकच: नेमकं काय त्या दिवशी झालं? संगीतकार मदनमोहन यांचा जन्म २५ जून १९२४ चा, इराकमधला. लतादीदींच्या आवाजातल्या त्यांच्या गझला मराठी घरांतही तितक्याच ऐकल्या जातात. त्यांच्या न वापरलेल्या चाली २००४ मध्ये ‘वीर-झारा’त वापरल्या गेल्या, म्हणजे निधनानंतर २९ वर्षांनी. अमेरिकी गायक प्रिन्सचा ‘पर्पल रेन’ हा अल्बम २५ जून १९८४ चा. त्याच नावाचा चित्रपट महिनाभराने, २७ जुलैला. बीटल्सनी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ गायलं ते २५ जून १९६७ ला ‘अवर वर्ल्ड’ या उपग्रहावरून अनेक देशांत थेट दाखवलेल्या कार्यक्रमात. तबकडी जुलैमध्ये आली. या कार्यक्रमाला चौदा देशांनी आपापले भाग दिले. किती कोटी लोकांनी पाहिला याचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, सबब प्रेक्षकसंख्या लिहूच नका. अ‍ॅन फ्रँकच्या बाबतीत २५ जून १९४७ ही तिची डायरी पुस्तकरूपाने ॲमस्टरडॅमला डच भाषेत प्रसिद्ध झाल्याची तारीख. कोरी वही तिला मिळाली ती १२ जून १९४२ ला, वाढदिवसाला. १९८२ चा २५ जून शुक्रवार, आणि त्या एकाच शुक्रवारी अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ दोन्ही लागले. दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या ‘ई. टी.’पुढे दोन्ही आपटले, आणि आज दोन्ही डोक्यावर घेतले जातात. विंडोज ९८ बाजारात आलं तेही २५ जूनलाच, १९९८ च्या. संगणकाच्या तासाला ते पुरे.

वर्षं मोजण्यात तर वर्तमानपत्रंही चुकतात. आणीबाणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली २५ जून २०२५ ला. पन्नासावं वर्ष सुरू झालं ते त्याच्या वर्षभर आधी. मदनमोहन यांचं जन्मशताब्दी वर्ष २५ जून २०२३ ला सुरू आणि २५ जून २०२४ ला शताब्दी पूर्ण. ‘वे वर्ष’ आणि ‘वर्षं पूर्ण’ यांतलं एक निवडा आणि संपूर्ण फळ्यावर तेच ठेवा. हयात व्यक्तीपुढे ‘जयंती’ लिहू नका. करिष्मा कपूर १९७४ ची, २५ जूनचीच, आणि तिच्यापुढे वाढदिवसच हवा.

सतराव्या शतकातल्या नोंदी आणायच्या असतील तर आणखी जपावं. शिवकाळाच्या प्रचलित इंग्रजी तारखा बऱ्याचदा जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तशीच; आजच्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. युरोपातल्या कॅथलिक भागांनी मात्र १५८२ पासून नवी पद्धत घेतली होती. म्हणून २५ जून १६७८ ला पादुआ विद्यापीठात एलेना कॉर्नारो पिस्कोपिया या इटालियन विदुषीला तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट मिळाली, ती तारीख नवीन पद्धतीची. दोन्ही प्रकारच्या तारखा एका फळ्यावर शेजारी लिहिल्या तर दहा दिवसांची तफावत गुपचूप लपून बसते.

परिपाठात दिनविशेषाला दोनेक मिनिटं मिळतात, म्हणजे पाच नोंदी, फार तर सहा. प्रत्येक ओळीत वर्ष, गाव आणि मुलांना सांगता येईल असा एकच तपशील. आमच्या मते २५ जूनच्या पाच अशा असाव्यात: १९३२ लॉर्ड्स आणि नवले, १९३४ पुणे, १९७५ दिल्ली, सहीच्या वेळेसह, १९८३ लॉर्ड्स, ६० षटकं, आणि मदनमोहन किंवा ऑरवेल यांपैकी एक. गोव्यात पुण्याच्या जागी मोझांबिक. जयप्रकाशांची अटक, मंत्रिमंडळाची बैठक आणि आकाशवाणीवरचं भाषण पुढच्या पानावर, २६ जूनखाली लिहून ठेवा. तिथे पहिली ओळ राजर्षी शाहू महाराजांची, जन्म २६ जून १८७४, आणि त्याच दिवशी सामाजिक न्याय दिन. म्हणून आणीबाणीच्या नोंदी दुसऱ्या ओळीपासून.